नोटिशीला उत्तर

इंग्रजी नाम मराठी वाक्यात योजावयाचे झाल्यास ते इंग्रजीच्याच कायद्याने योजले पाहिजे, त्याच्या उच्चारास, त्याच्या अनेकवचनास आणि त्याच्या मूळ रूपास मराठी बोलणाऱ्याने हात लावता कामा नये, आणि जो लावील तो अशिक्षित समजावा, असे एक मत आपल्या शाळांतून, संभाषणकलेच्या वर्गांतून, वृत्तनिवेदकांच्या तोंडून आणि दुर्दैवाने पुष्कळ मराठी शिक्षकांच्या मनातूनही इतके मुरले आहे की, ते एक मत आहे आणि त्यावर हरकत घेता येते, हेच कोणाच्या ध्यानात येईनासे झाले आहे. गगनबावड्याचा किंवा राधानगरीचा शेतकरी कोल्हापुरात वकिलाच्या कचेरीत येऊन "नोटिशीला उत्तर द्यायचं हाय" असे सांगतो, "अपिलात काय हुईल?" असे विचारतो, आणि समोरचा तरुण मदतनीस त्याच्या कैफियतीकडे लक्ष देण्याआधी "नोटीसला म्हणा, अपीलमध्ये म्हणा" अशी त्याच्या भाषेची दुरुस्ती करतो. या दुरुस्तीविरुद्ध मला तक्रार करावयाची आहे. कारण त्या दोघांमध्ये बरोबर बोलणारा तो शेतकरी आहे, आणि चूक त्याला सुधारू पाहणाऱ्याची आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. ते म्हणतात की शब्द ज्या भाषेचा, नियमही त्याच भाषेचे. इंग्रजी नामाचे अनेकवचन 'स' लावून होते, तेव्हा मराठीतही 'डॉक्युमेंट्स', 'पेरेंट्स', 'बँक्स' असेच म्हणावे. इंग्रजी नामास विभक्तीपूर्वी सामान्यरूप होत नाही, तेव्हा 'कॉलेजात' न म्हणता 'कॉलेजमध्ये' म्हणावे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, म्हणून 'फाईल हरवली' आणि 'रिपोर्ट हरवला' हा भेद मुळात निराधार आहे. आणि शेवटी, ज्याला इंग्रजी येते तो शब्द अविकृत ठेवतो व ज्याला येत नाही तो त्याची मोडतोड करतो, यास्तव शब्दाचे रूप हीच माणसाच्या शिक्षणाची ओळख होय. यांतील पहिली तीन विधाने व्याकरणाची आहेत आणि ती चुकीची आहेत. चौथे विधान व्याकरणाचे नाहीच. ते माणसामाणसांत उच्चनीचता ठरविणारे आहे, आणि पहिल्या तिन्हींना बळ मिळते ते त्याच्याकडून.

एखादे वाक्य मराठी आहे असे आपण कशावरून म्हणतो? त्यातील नामे कोठून आली यावरून खचित नव्हे. तसे असते तर 'वकिलाने हुकुमाविरुद्ध अर्ज करून आरोपीला जामिनावर सोडविले' हे वाक्य मराठी ठरले नसते; कारण त्यातील वकील, हुकूम, अर्ज आणि जामीन हे चारही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने इकडे आले. तरीही ते वाक्य मराठीच आहे, याविषयी लहान मुलालाही संशय येणार नाही. कारण 'ने', 'विरुद्ध', 'ला', 'वर' हे सारे सांधे मराठी आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'वकील'चा 'वकिला', 'हुकूम'चा 'हुकुमा' आणि 'जामीन'चा 'जामिना' हा जो पालट झाला तो मराठीच्या नियमाने झाला. परमुलखातून येऊन येथे वस्ती केलेल्या माणसास येथलाच कायदा लागू होतो, तसेच हे आहे.

अरबीत वकीलचे अनेकवचन 'वुकला' होते, हुकूमचे 'अहकाम' होते आणि तारीखचे 'तवारीख' होते. फारसी दप्तरांशी नित्य संबंध असलेल्या आणि त्या विद्येत मुरलेल्या चिटणीस-फडणिसांना ही रूपे ठाऊक नव्हती काय? पूर्ण ठाऊक होती. तथापि मराठी वाक्यात त्यांनी 'वुकलांनी' असे लिहिले नाही, 'वकिलांनी' असेच लिहिले. आणि कोर्टाच्या 'तारखा' पडतात, 'तवारीख' पडत नाहीत. उलट 'अमीर' या शब्दाचे 'उमरा' हे अनेकवचन आपल्याकडे आले, तेव्हा मराठीने त्याचा 'उमराव' केला आणि 'एक उमराव', 'त्या उमरावाने' असे बिनदिक्कत एकवचनात चालविले. फारसी जाणणाऱ्या कोणा दरबाऱ्याने त्यावर हरकत घेतली असती, तर आज आपण तिच्यापुढे मान तुकविली असती काय?

या कोल्हापुरास तर हा इतिहास विसरण्याची मुळीच सवलत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करून फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलास माहीत असते. पुढे या नगरीच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. फारसीचा एवढा मोठा जाणकार भाषाशुद्धीचा कैवारी व्हावा, यात विसंगती पाहणारे पुष्कळ होते; मला ती दिसत नाही. पर्यायी शब्द घडवावा की परका शब्द ठेवून घ्यावा, हा वाद थोर माणसांनी प्रामाणिकपणे केला आणि तो आजही करण्याजोगा आहे. पण एकदा शब्द ठेवून घेतल्यावर त्याने मराठी प्रत्यय नाकारावा आणि मराठीने ते मान्य करावे, असा आग्रह त्या वादातील कोणत्याच पक्षाचा नव्हता. तो आग्रह अगदी अलीकडचा आहे. आणि त्याच्यामागे ना रघुनाथपंतांचा स्वाभिमान आहे ना पटवर्धनांची विद्वत्ता.

आता 'नोटिशीला' हा शब्द घेऊ, कारण आमच्या या शेतकऱ्यावरचा मुख्य आरोप तोच आहे. 'नोटीस'मधील दीर्घ ई ऱ्हस्व का झाली, आणि 'स'चा 'श' का झाला? प्रतिपक्षाचे उत्तर असे की अज्ञानामुळे. मग म्हैस या शब्दाचे 'म्हशीला' होते तेही अज्ञानामुळेच काय? ससा-सशाला, मासा-माशाला, घसा-घशात, पैसा-पैशाचा ही रूपे आपण कोणाच्या अज्ञानाच्या खाती जमा करावयाची? मराठीत 'ई' किंवा 'य' यांच्या संसर्गाने 'स'चा 'श' होतो, हा या भाषेच्या हाडीमासी खिळलेला नियम आहे. उपान्त्य दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतात आणि तत्सम शब्द तेवढे याला अपवाद असतात, हा तर शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही ग्रथित झाला आहे; गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला ही त्याची नेहमीची उदाहरणे. त्याच नियमाने पोलीस-पोलिसाला, अपील-अपिलात, बूट-बुटाला. म्हणजे शाळेत व्याकरणाचे पुस्तक पाठ न केलेल्या माणसाने एका परक्या शब्दावर मराठीचे दोन नियम एकाच वेळी आणि अचूक चालविले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले; त्या ग्रंथाच्या अभ्यासकास ज्या सूक्ष्मतेचे कौतुक वाटावे, ती सूक्ष्मता या माणसाच्या जिभेवर आहे. आणि तिला आपण मोडतोड म्हणावे?

लिंगाविषयीचा आक्षेप ऐकताना तर मला आक्षेप घेणाऱ्याने मराठी कधी कान देऊन ऐकली आहे की नाही असा प्रश्न पडतो. 'त्याचे केस गेले' आणि 'त्याची केस गेली' ही दोन वाक्ये ऐकून कोणाचा घोटाळा होतो? पहिल्यात माणसाला टक्कल पडले आणि दुसऱ्यात तो दावा हरला. 'बोट बुडाले' म्हटल्यावर पाण्यात हाताचे बोट जाते, 'बोट बुडाली' म्हटल्यावर नौका जाते. परक्या शब्दास लिंग देणे हा निराधार उद्योग आहे असे म्हणणाऱ्याने, ते लिंग काढून घेतल्यावर या वाक्यांचा अर्थ तो कसा लावणार, ते सांगावे. नोटीस येते, स्टे मिळतो, अपील फेटाळले जाते: तीन परकी नामे, तीन लिंगे, आणि आजऱ्यापासून शिरोळपर्यंत कोठेही जा, पक्षकार ती बहुधा चुकावयाचे नाहीत. शाळेने हे शिकविलेले नसते. शेजारचा माणूस कसे बोलतो हे ऐकत ऐकत सारा समाज मिळून असा निर्णय करीत असतो, आणि असा निर्णय करण्याचा अधिकार समाजाखेरीज दुसऱ्या कोणासही नाही.

अनेकवचनाची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. 'डॉक्टरांना बोलवा' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतून उच्चारले गेले आहे, आणि त्यात डॉक्टरांचा उपमर्द झाल्याचे ऐकिवात नाही. मग 'टीचर्सना', 'स्टुडंट्सनी', 'पेरेंट्सची' या रूपांची गरज कोठून उत्पन्न झाली? बँका, कंपन्या, सायकली, मोटारी, फायली, बिले, इंजिने, नोटिसा ही मराठी अनेकवचने दुकानांतून, कारखान्यांतून, सहकारी सोसायट्यांच्या अहवालांतून सुखाने नांदत असता, 'बँक्स' म्हणणाऱ्याने भाषेत कोणती नवी भर घातली? कित्येकदा तर 'पेरेंट्सांना' असे रूप कानी पडते; त्यात इंग्रजीचे अनेकवचन झाले आणि त्यावर मराठीचेही झाले. दोन्ही भाषांचे नियम सांभाळण्याच्या खटपटीत दोन्ही मोडल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ज्या इंग्रजीच्या नावाने हा सारा अंमल गाजविला जातो, ती इंग्रजी स्वतः काय करते? तिने आपला 'पंडित' उचलला. आणि पंडित अनेक झाले की तेथील लेखक संस्कृताप्रमाणे 'पण्डिताः' लिहीत नाही, आपलाच 'स' लावून मोकळा होतो. 'अजेंडा' हे मुळात लॅटिनचे अनेकवचन, करावयाच्या गोष्टी असा त्याचा अर्थ. इंग्रजीने त्यास एकवचन ठरविले आणि त्यावर आपले नवे अनेकवचन चढविले. लॅटिनच्या अभिमान्यांची परवानगी तिने घेतली नाही. हाच शब्द ग्रामपंचायतीच्या सभेत येतो आणि सभासद म्हणतात की विषय 'अजेंड्यावर' नाही. घोडा-घोड्यावर, तसे अजेंडा-अजेंड्यावर. इंग्रजीने लॅटिनशी जे केले तेच मराठीने इंग्रजीशी केले. मग एकीच्या कृतीस भाषेचे सामर्थ्य म्हणावयाचे आणि दुसरीच्या त्याच कृतीस अडाणीपणा, हा न्याय कोणत्या कायद्याचा?

कोल्हापूरकरांना याचे सर्वांत सुंदर उदाहरण दूर जाऊन शोधावे लागत नाही. ज्या कारागिराने या गावात स्वतःच्या हातांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्याचे घरचे आडनाव मिस्त्री. पण त्याच्या चित्रकलेवरून लोकांनी त्याला 'पेंटर' म्हटले, आणि ते सामान्य इंग्रजी नाम बाबूरावांचे कायमचे आडनाव झाले. आज कोल्हापुरात कोणी 'पेंटरने सिनेमा काढला' असे म्हणत नाही; 'बाबूराव पेंटरांनी' असे आदरार्थी बहुवचनातच म्हणतो. त्यांनी घडविलेल्या यंत्राचे नाव लॅटिनातून आलेले, मूळ अर्थ खोली. पण येथे ते 'कॅमेऱ्यात', 'कॅमेऱ्यामागे', 'कॅमेरे' असे चालू लागले आणि कोणास ते खटकले नाही. उद्यमनगरातील कामगार इंजिनाचे, मशिनीचे, बॉयलराचे दोष ज्या भाषेत सांगतो ती ऐका. ज्यांनी या वस्तू हाताळल्या, जोडल्या, दुरुस्त केल्या, त्यांनी त्या वस्तूंची नावेही तशीच हाताळली आणि आपल्या कामाची करून घेतली. शब्दाला हात लावावयास भितो तो बहुधा वस्तूला हात न लावणारा.

अर्थाच्या बाबतीत मात्र मी प्रतिपक्षाशी सहमत आहे, आणि ही एकच गोष्ट मी त्यांस देतो: शब्द घ्यावयाचा तर त्याचा नेमका अर्थ सांभाळून घ्यावा. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी व पक्षकारांनी चाळीसहून अधिक वर्षे उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी लढा दिला, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून येथे काम सुरू झाले ते सर्किट बेंचाचे. ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमात कायम खंडपीठाची तजवीज दुसऱ्या पोटकलमात आहे आणि ते स्थापण्याचा आदेश राष्ट्रपतींचा असतो. तर मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य ठिकाणी न्यायाधीश बसवितात ते तिसऱ्या पोटकलमान्वये, आणि कोल्हापुरास मिळाले ते या तिसऱ्या पोटकलमान्वये. म्हणून ज्याने 'खंडपीठ झाले' असे लिहिले त्याने वस्तुस्थिती चुकविली, आणि ज्याने 'सर्किट बेंच' हे परके नाम ठेवले त्याने ती राखली. अर्थासाठी इंग्रजीकडे पाहणे हा प्रामाणिकपणा आहे. पण त्या सोहळ्याच्या छापील मजकुरात सर्रास 'सर्किट बेंचचे उद्घाटन' असे वाचावयास मिळाले, ते कशासाठी? कोर्टाचे आवार, कोर्टाची पायरी, कोर्टाचा निकाल असे आपण आयुष्यभर म्हणत आलो. 'कोर्टचे आवार' कोणाच्या तोंडी येत नाही. कोर्टास जो 'आ' मिळाला तो बेंचास का मिळू नये? 'बेंचाचे' हे रूप कानास नवे लागते, हे खरे. 'कोर्टाचे' हेही कधी तरी प्रथमच उच्चारले गेले असेल. ज्याने ते प्रथम उच्चारले त्यास थांबविणारा कोणी सुधारक शेजारी नव्हता, हे आपले भाग्य.

आणखी एक युक्तिवाद पालकांच्या काळजीचे रूप घेऊन येतो, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. मराठीत 'बँका' म्हणण्याची सवय लागली तर मूल इंग्रजीच्या परीक्षेत चुकेल, असे हे म्हणणे. ज्या पिढीने 'कोर्टात', 'कॉलेजात', 'डिग्र्या', 'टेबलावर' अशी मराठी बोलली, त्याच पिढीतील कित्येकांनी उत्तम इंग्रजी लिहिले. कारण मराठीचे वाक्य कोठे संपते आणि इंग्रजीचे कोठे सुरू होते याची सीमा त्यांच्या मनात स्वच्छ होती. ज्या मुलाच्या एका वाक्यात दोन भाषांची व्याकरणे एकमेकांच्या हद्दीत शिरलेली असतात, तेच मूल पुढे दोन्ही उत्तरपत्रिकांत अडखळते. मुलास इंग्रजी चांगले यावे अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी त्यास इंग्रजीची अखंड वाक्ये वाचावयास द्यावीत; मराठी वाक्यात एखाद्या नामाचा 'स' जपल्याने इंग्रजी येत नाही.

राहता राहिले ते चौथे विधान. शब्दाच्या रूपावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत मला केवळ चुकीची वाटत नाही, ती अन्यायाची वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते ज्या माणसांसाठी केले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज हातात कागद घेऊन कचेऱ्यांच्या खिडकीसमोर उभी आहेत. त्यांस कर्जाचा करारनामा समजून घ्यावयाचा आहे, विम्याची रक्कम मागावयाची आहे, भूसंपादनाच्या नोटिशीविरुद्ध मुदतीत हरकत घ्यावयाची आहे. त्यांच्या तोंडचा पहिलाच शब्द जर खिडकीतल्या माणसाने सुधारला, तर दुसरा शब्द ते कसा उच्चारतील? माणूस गप्प होतो, मान हलवितो, दाखविलेल्या जागी सही करतो आणि परत फिरतो. आणि त्याची तक्रार त्याच्या मनातच राहते. 'अपिलात' म्हणणाऱ्यास लाज वाटावी असे वातावरण आपण निर्माण केले, त्याची किंमत व्याकरणात मोजता येत नाही. ती गेलेल्या मुदतींत आणि बुडालेल्या हक्कांत मोजावी लागते. ज्यास आपल्या भाषेत आपले दुःख चुकीविना सांगता येत होते, त्यास ती भाषाच चूक आहे असे शिकविणे, यास शिक्षण कसे म्हणावयाचे?

म्हणून मी येथे स्पष्ट सांगतो. मराठी वाक्यात आलेल्या इंग्रजी नामास मराठी लिंग, मराठी वचन आणि मराठी सामान्यरूप देणे ही सवलत नाही, बोलीचा लाड नाही आणि अज्ञान तर मुळीच नाही; तोच शुद्ध प्रयोग आहे, आणि 'स' जपणारा व रूप न बदलणारा प्रयोग अशुद्ध आहे. जिल्ह्यातील मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी 'नोटिशीला', 'अपिलात', 'कॉलेजात', 'अजेंड्यावर' या रूपांखाली लाल रेघ ओढू नये, आणि 'डॉक्युमेंट्सची' या रूपाखाली ती न चुकता ओढावी. कोल्हापूरच्या वृत्तपत्रांच्या संपादकांनी यापुढे 'सर्किट बेंचाचे कामकाज' असे छापावे. आणि कचेरीत, दवाखान्यात, बँकेत खिडकीपलीकडे बसणाऱ्यांनी, समोरचा मनुष्य "नोटिशीला उत्तर द्यायचं हाय" म्हणाला तर त्याचा शब्द दुरुस्त न करता त्याच्या हातातली नोटीस वाचावयास घ्यावी.